घरून डिझाइनच्या कामासाठी मॉनिटर २४ इंची घ्यावा की २७? आणि तो पुसायचा कशाने?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरातच घरून लग्नपत्रिकांचं डिझाइन करता, पैसे भाऊ देतोय आणि त्याचा हट्ट आहे की २७ इंचीच घ्यायचा. पैसे देणारा एक आणि समोर बसणारा दुसरा असला की काय होतं ते मी भोगलंय, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आकाराचं आधी सांगून टाकते. २४ घ्या. १९२० बाय १०८० ठिपक्यांचीच स्क्रीन २७ इंचांवर ताणली की एका इंचात ९२ च्या जागी ८२ ठिपके उरतात. पत्रिकेतली बारीक जोडाक्षरं आणि रफार दातेरी दिसतात, दिवसभर तेच बघून डोळे चुरचुरतात. २७ हवाच असेल तर २५६० बाय १४४० चा घ्या, त्याला पैसे जास्त लागतात. पण इंच हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न पॅनेलचा, म्हणजे चित्र दाखवणारा आतला पडदा कोणत्या जातीचा त्याचा, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही.

मी जकार्डची, म्हणजे मागावर विणूनच उमटणाऱ्या नक्षीची डिझायनर आहे, चादरी आणि टॉवेलची नक्षी काढते. बाबा हेच काम ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून करायचे, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडायची. मी संगणकावर शिकले. २०१४ साली मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते. तिथला जुना मॉनिटर गेला तेव्हा मी मालकांना म्हटलं, आयपीएस जातीच्या पॅनेलचा आणा, थोडे जास्त जातील पण रंगाचं काम आहे. ते म्हणाले, "स्क्रीन ती स्क्रीन. तुला काय त्यावर सिनेमा बघायचाय?" आणि स्वस्तातल्या टीएन जातीच्या पॅनेलचा घेऊन आले, कारण तेवढ्याच पैशात तो दोन इंच मोठा मिळत होता.

महिन्याभरात लग्नसराईची ऑर्डर आली. डाळिंबी जमीन, त्यावर मोहरी रंगात मोरपिसं. मी खुर्चीत बसलेली, मालक माझ्या पाठीशी उभे. म्हणाले, "फिका आहे, गडद कर." मला चांगला गडद दिसत होता. मी म्हटलं, "मालक, गडदच आहे की." "अगं, गुलाबी दिसतोय चक्क!" केला गडद. परत तेच. तीनदा गडद केल्यावर म्हणाले, "हां, आता डाळिंबी," आणि याच्याशी जुळवून शेड नंबर लिहून दे म्हणून निघून गेले. मी बसल्या जागी शेड कार्ड, म्हणजे सुताच्या रंगांचे नंबर घातलेले नमुने, स्क्रीनला लावलं, जुळला तो नंबर लिहिला. सूत रंगून आलं, मागावर चढलं, तीनशे चादरी उतरल्या. रंग वांग्याच्या सालीसारखा काळपट. व्यापाऱ्याने माल उचलला नाही. मालक सगळ्या कामगारांसमोर मला म्हणाले, "डोळे तपासून घे." दोन महिने पगारातून पैसे कापले.

डोळे तपासून आले. काहीही निघालं नाही. पुढे एकदा पट्टी टेबलाखाली पडली, ती घ्यायला वाकले आणि मान वर करून स्क्रीनकडे पाहिलं. डाळिंबी जमीन काळी ठिक्कर, मोरपिसं कळकट. तशीच उभी राहिले, तर जमीन गुलाबी. फाइल तीच, रंग तोच. टीएन पॅनेलचा हाच दोष आहे: आतले स्फटिक प्रकाश सगळीकडे सारखा सोडत नाहीत, त्यामुळे वरून बघितलं की रंग विटतो आणि खालून बघितलं की काळवंडतो. मालक उभे राहून रंग ठरवत होते, मी बसून नंबर जुळवत होते. आम्ही दोघं वेगवेगळे रंग बघत होतो.

मी मालकांना बोलावून खुर्चीत बसवलं, मग उभं राहायला सांगितलं. त्यांनी दोनदा करून पाहिलं आणि म्हणाले, "मग हे आधी सांगायचं." मी आधीच सांगितलं होतं. पैसे काही परत मिळाले नाहीत.

तेव्हा दुकानात खोक्यावरचा बघण्याचा कोन वाचा. १७८/१७८ असेल तर आयपीएस किंवा व्हीए ही तिसरी जात, १७०/१६० असेल तर बहुधा टीएन, तो हातातही घेऊ नका. आयपीएस आणि व्हीएमध्ये तुमच्या कामाला आयपीएस. मग रंगांची व्याप्ती: एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनवरच्या रंगांचं नेहमीचं माप, त्याच्या ९९ टक्क्यांच्या आसपास हवी. काही कंपन्या तेच एनटीएससी या जुन्या मापात ७२ टक्के असं छापतात, साधारण सारखंच समजा. एनटीएससी ४५ असेल तर लाल रंग विटकरीकडे झुकतो आणि पत्रिकेत लालच तर असतो. कॉन्ट्रास्टचे, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातल्या फरकाचे, लाखा-कोटींचे आकडे वाचूच नका. जोडायला एचडीएमआयची केबल घ्या, जुन्या व्हीजीए केबलवर अक्षर किंचित फुटतं.

आता पुसण्याचं. आपला सोलापुरी टॉवेल अंगाला उत्तम, स्क्रीनला अजिबात नाही. त्याचे तंतू सुटतात आणि वरची धूळ स्क्रीनवरच घासली जाते. काच पुसायचं निळं पाणी, स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काहीही नको. अमोनिया आणि अल्कोहोल वरचा मॅट थर खातात, मग मधोमध ढगासारखा चकचकीत डाग पडतो तो कायमचा. बोअरचं पाणीही नको, वाळलं की क्षाराचे पांढरे ठिपके राहतात. मॉनिटर बंद करा, गार होऊ द्या, मायक्रोफायबरने आधी कोरडंच हलक्या हाताने पुसा. डाग उरला तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, अॅसिड नव्हे, फडक्याला लावून पुसा. स्क्रीनवर कधीही फवारू नका. ओघळ खालच्या पट्टीत उतरतो, तिथेच पॅनेलची जोडणी असते, आणि पॅनेल गेलं की दुरुस्तीचा खर्च नव्या मॉनिटरच्या जवळ जातो. घराजवळ माग असतील तर मॉनिटरच्या पाठीवरच्या जाळीत कापसाचा भुगा बसतो, महिन्यातून एकदा रंगाच्या मऊ ब्रशने झटका. चालू असताना वर कापड टाकू नका. बहुतेक मॉनिटर ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात आणि आपला एप्रिल-मे त्याच्या पुढे जातो.

स्टॅबिलायझर लागत नाही, दुकानदार गळ्यात मारेल तरी. आतला पुरवठा १०० ते २४० व्होल्ट सांभाळतो. अर्थिंग मात्र नीट हवं, आणि वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की प्लग काढायचा.

एक गोष्ट मात्र माझ्याही बाजूने चुकली होती. सुताचा रंग स्क्रीनवरून ठरवायचा नसतोच. बाबा लडी घेऊन अंगणात जायचे, सकाळच्या उजेडात बघायचे आणि मगच हो म्हणायचे. तुम्हीही पत्रिकेचा रंग छापून आलेल्या नमुन्यावर ठरवा, आयपीएस असला तरी. शिवाय नव्या मॉनिटरचा उजेड कंपनीतून बराच वर ठेवलेला असतो, तो खाली आणा, नाहीतर छापलेलं सगळं काळपट वाटेल. आणि आयपीएसवर अंधाऱ्या खोलीत काळा थोडा राखाडी दिसतो, त्याला इलाज नाही.

भावाला दुकानात घेऊन जा. एखाद्या जुन्या पत्रिकेची फाइल पेन ड्राइव्हवर न्या, पसंत पडलेल्या मॉनिटरवर लावायला सांगा. तुम्ही समोर बसा, भावाला पाठीशी उभा करा आणि दोघांनी एकाच वेळी सांगा, हा लाल नक्की कोणता आहे.