सेटवरून कोचिंगकडे वळताय? आधी हे वाचा

अरे, पहिली गोष्ट म्हणजे असिस्टंट डिरेक्टरची नोकरी लगेच सोडू नकोस. मी पण प्रॉडक्शनमधूनच आलोय, आणि खरं सांगायचं तर सेटवर नर्व्हस अ‍ॅक्टरला शांत करत बसायचो तेव्हाच कोचिंगचं, म्हणजे प्रश्न विचारून माणसाला स्वतःचं उत्तर शोधायला मदत करण्याचं काम सुरू झालं होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. पण तेवढ्यावर स्वतःला कोच म्हणवू नकोस, कारण लायसन्स लागत नसल्यामुळे कोणीही उठतो आणि बोर्ड लावतो. आयसीएफ (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन) या संस्थेचं एसीसी हे सुरुवातीच्या पातळीचं सर्टिफिकेट बघ, त्याला 60 तास ट्रेनिंग, 10 तास मेंटॉर कोचिंग (अनुभवी कोचकडून आपल्या कोचिंगवर फीडबॅक) आणि 100 तास क्लायंटबरोबरचा अनुभव लागतो, त्यातले 75 पैसे घेऊन केलेले. हे तास शूटिंगच्या मधल्या रिकाम्या काळात आरामात होतात, आपल्या लाइनमध्ये तसाही निम्मा वेळ वाट बघण्यातच जातो ना!

सगळ्यात अवघड काय, तर सल्ला न देणं. आपल्याला सीन सुधारायची सवय, इथे मात्र प्रश्न विचारून गप्प बसायचं, मला हे जमायला वर्ष गेलं.

आणि ओळखीचा स्टार क्लायंट झाला तरी फोटो टाकायचा नाही. डिप्रेशन, व्यसन असं काही दिसलं तर सरळ थेरपिस्टकडे पाठव, ते आपलं काम नाही.