मॅनेजर निर्माता होतो तेव्हा

प्रश्न : रॉक बँडचा कारभार सांभाळणारा माणूस चित्रपट निर्माता कसा होतो? दोन्ही धंदे तर वेगळे.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वेगळे दिसतात, पण दोन्हीकडे व्यवहार गाण्याच्या हक्कांचाच असतो. रॉबर्ट स्टिगवुड यांचंच पाहा. ऑस्ट्रेलियातून लंडनला आलेले स्टिगवुड साठच्या दशकात 'क्रीम' आणि 'बी जीज' या बँडचे मॅनेजर झाले. १९७३ मध्ये त्यांनी 'आरएसओ रेकॉर्ड्स' काढली. त्याच सुमारास चित्रपटही सुरू झाले, आणि कलाकार, रेकॉर्ड कंपनी, सिनेमा असं तिन्ही एका हातात आलं.

स्टिगवुड यांचा सिनेमा 'सॅटर्डे नाइट फीव्हर' झळकला डिसेंबर १९७७ मध्ये. पण त्यातलं बी जीजचं 'हाउ डीप इज युअर लव्ह' सप्टेंबरातच बाजारात आलं होतं. रेडिओवर गाणं वाजलं की सिनेमाची फुकट जाहिरात, आणि सिनेमा पाहून आलेला रेकॉर्ड घेणार. हिंदी सिनेमावर वाढलेल्यांना याचं नवल वाटायचं नाही.

ही गाणी पॅरिसजवळच्या स्टुडिओत तयार होत असताना ड्रमरला घरच्या अडचणीमुळे जावं लागलं. मग 'नाइट फीव्हर'च्या ध्वनिमुद्रणातले ड्रमचे दोन बार (तालाची दोन आवर्तनं) उतरवून घेतले, टेपची टोकं चिकटवून वेटोळं केलं आणि ते सलग फिरवलं. 'स्टेइंग अलाइव्ह'चा जराही न हलणारा ठेका तो हाच.

पुढच्याच वर्षी स्टिगवुड यांचा 'ग्रीस' तुफान चालला, तर बीटल्सच्या गाण्यांवरचा त्यांचाच सिनेमा 'सार्जंट पेपर' कोसळला. त्याच्या रेकॉर्ड दुकानांत भरमसाट पाठवल्या होत्या. न खपलेला माल दुकानदार परत करू शकतो, त्यामुळे गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. पाठवलेला माल विक्रीत धरला की असा फटका बसतो.

प्रश्न : भाच्याच्या बँडचा मॅनेजर आता सिनेमा काढतोय आणि त्यांचीच गाणी घेणार आहे. करारात काय पाहावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मॅनेजरचं काम गाण्याला जास्तीत जास्त भाव मिळवण्याचं, निर्माता तो कमी करू पाहतो. इथे दोघे एकच आहेत. याच मुद्द्यावर बी जीजनी १९८० मध्ये स्टिगवुड यांच्यावर २० कोटी डॉलरचा दावा लावला होता. तो पुढे कोर्टाबाहेर मिटला.

म्हणून बँडचा वकील वेगळाच हवा, मॅनेजरने सुचवलेला नको. मॅनेजरचं कमिशन साधारण १५ ते २० टक्के असतं. स्वतःच्या सिनेमातून दिलेल्या मानधनावर ते कापू नये, असं कलम घाला. रचनेचा (शब्द आणि चालीचा) हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क यांचे दर स्वतंत्र लिहून घ्या, एकच ठोक रक्कम नको. हिशेबाच्या वह्या तपासण्याचा अधिकारही मागा.

आणखी एक गोष्ट : २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत समान वाटा आहे. तो निर्मात्याला लिहून देता येत नाही; फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. भाचा गाणी लिहीत किंवा चाली लावत असेल, तर सहीआधीच त्याला 'आयपीआरएस' या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासद करून घ्या.