वाचकांचे प्रश्न : ताज्या बातमीतील बदलते आकडे

प्रश्न : रबाळे औद्योगिक वसाहतीत आग लागली, तेव्हा एका स्थानिक वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर आधी सात जखमी होते, तासाभराने चार झाले, बदल झाल्याचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता. माझा भाऊ तिथेच कामाला असल्याने आमच्या घरात कोणाचाही जीव थाऱ्यावर नव्हता. हे योग्य आहे का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आकडा बदलणे हा दोष नाही, तो गुपचूप बदलणे हा दोष आहे. अशा घटनेत पहिली माहिती बहुधा अग्निशमन दलाकडून किंवा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून येते, जखमी मात्र वाशी, ऐरोली, कधी कळव्याच्या रुग्णालयात विखुरलेले असतात, आणि एकाच जखमीला दुसरीकडे हलवले की दोन्हीकडच्या नोंदींमुळे तो दोनदा मोजला जाण्याची शक्यता असते. छापील अंकात रात्रीपर्यंत पडताळणीला वेळ मिळतो. संकेतस्थळावर तो मिळत नाही, आणि शोधयंत्रात वर दिसण्याची घाई वेगळीच. म्हणूनच ‘प्राथमिक माहितीनुसार’ हे शब्द शोभेचे नाहीत. त्यांच्यापुढे माहिती कोणी दिली हे हवे, आणि आकडा बदलल्यावर बातमीतच, वेळेसह, ‘आधी सात जखमी असे दिले होते, रुग्णालयांच्या नोंदींनुसार ते चार आहेत’ असे स्पष्ट लिहायला हवे. नुसती ‘अद्ययावत’ ही वेळ पुरेशी नाही, कारण शुद्धलेखनाची चूक सुधारली तरीही ती बदलू शकते. आपण जुन्या मजकुराचे छायाचित्र जोडून संपादकांना अवश्य लिहा.