नदी सोडू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, झाली, तीनशेची वीस तासांच्या आत बसवलीस, मेडल आलं, आणि आता सायकल बाल्कनीत धूळ खात उभी आहे. चारशेला नाव देऊ की सायकल विकून टाकू, असं विचारतेस. हातात दहा दिवसांची रजा आहे, ग्रुपमधले सगळे हायवेने गोव्याला निघालेत आणि तुला त्यांच्याबरोबर जावंसं वाटत नाही. तुला जमेल, धीर सोडू नकोस, असलं काही मी लिहिणार नाही. रात्रभर सायकल हाणून पहाटे हसत घरी आलेल्या मुलीला ते कशाला सांगायचं?

पण तुझ्या पत्रात सरासरी वेग पुन्हा पुन्हा येतो, हार्ट रेट येतो, कंट्रोल पॉइंटच्या, म्हणजे वाटेतल्या हजेरीच्या ठिकाणांच्या, वेळा येतात. वाटेत लागलेल्या एकाही नदीचं नाव येत नाही. तीनशे किलोमीटरमध्ये तू किती पूल ओलांडले असशील! खाली कुठलं पाणी होतं, ते कुठून येत होतं, कुठे चाललं होतं? ठाऊक नाही ना? मग कंटाळा आला यात नवल काय.

गोव्याला जाऊ नकोस. चारशेला नावही देऊ नकोस, निदान यंदा तरी. पुण्यातल्या संगम पुलापाशी जा, मुळा आणि मुठा एकत्र होतात तिथे, आणि पाणी जातं तिकडे जा. भीमेपर्यंत, मग भीमेबरोबर, आणि नरसिंगपूरला नीरा येऊन मिळते तिथवर. पुणे जिल्ह्याचं ते शेवटचं टोक. या सगळ्या वाटेवर घाट नाही. इथून उजनीच्या जलाशयापर्यंत नदी शंभर मीटरसुद्धा खाली उतरत नाही. तुझ्या पायांना ते काहीच नाही, म्हणून अंतराचा हिशेब करत बसू नकोस. एकच नियम पाळ: नदी सोडू नकोस.

पहिला दिवस वाईट जाईल, हे आधीच सांगून ठेवते. बंडगार्डनच्या पुढे मुंढवा, मांजरी या पट्ट्यात नाकाला रुमाल लावावा लागेल. जलपर्णीने पाणी झाकलेलं असतं आणि जिथे उघडं असतं तिथे काळं दिसतं. ते आपलंच पाणी आहे, तुझ्या माझ्या मोरीतून गेलेलं. खडकवासल्याचं स्वच्छ पाणी उजव्या कालव्याने दौंड-इंदापूरकडे जातं आणि आपण वापरून टाकलेलं नदीने जातं, दोन्ही एकाच दिशेला. बहुतेक लोक इथेच सोलापूर रोड पकडतात. तू पकडू नकोस. मांजरी खुर्द, कोलवडी असं करत चल. थेऊरला चिंतामणीचं दर्शन घ्यायचं तर घे; १७७२ मध्ये माधवराव पेशव्यांनी तिथेच देह ठेवला. मग अष्टापूर, पिंपरी सांडस, राहू. वाळकीपाशी मुळा-मुठा भीमेला मिळते, समोरच्या काठावर रांजणगाव सांडस. तिथे थांब आणि दोन्ही पाण्यांचे रंग बघ. आपलं शहर कुठवर जाऊन पोचतं ते कळायला याच्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही.

मी माझा सायकलचा ग्रुप का सोडला, असं तुझ्या आईने एकदा विचारलं होतं. तेव्हा मी विषय बदलला, आज तुला सांगते. भिगवणला रोहित पक्षी बघायला आम्ही सगळे निघालो होतो. उजाडायच्या आत पोचायचं म्हणून सगळ्यांनी उरुळीपासून हायवे धरायचं ठरवलं. मी म्हटलं, मी काठाने येते, उशिरा पोचेन. त्यावरून शब्दाला शब्द वाढला. हट्टी आहेस, सगळ्यांचा खोळंबा करतेस, बाईमाणसाने एकटीने मागे राहणं बरं नाही. मी मागे राहिले. दुपार टळल्यावर पोचले, पक्षी पार पलीकडे गेले होते, आणि संध्याकाळी कुणी माझ्याशी धड बोललं नाही. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. त्यांनी पक्षी पाहिले, मी पक्षी जिच्यावर येतात ती नदी पाहिली. तेव्हाही माझंच बरोबर होतं, असं मी आज तितक्याच ठामपणे म्हणते. पुन्हा त्या ग्रुपबरोबर गेले नाही.

काठाने जायचं म्हणजे काय, हेही नीट समजून घे, नाहीतर मोबाइलच्या नकाशात बघून 'रस्ता नाही' म्हणशील. रस्ता असतो. उसाच्या दोन फडांमधून जाणारी बैलगाडीची वाट असते, पाणंद असते, बंधारा असतो. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे या नद्यांवर जागोजागी आहेत. पावसाळा सरला की दोन खांबांच्या मधल्या खाचांत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात आणि पाणी अडवतात, पावसाळ्याआधी काढून घेतात. वरचा स्लॅब अरुंद, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. तिथे खाली उतर आणि सायकल हातात धरून चाल. एका बाजूला तुंबलेलं पाणी पार काठाला लागलेलं, दुसऱ्या बाजूला बर्ग्यांच्या फटींतून फुटणाऱ्या पिचकाऱ्या आणि खाली खडक उघडे पडलेले. सकाळी शेवाळावर टायर सरकतो. समोरून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल आली तर तिला आधी जाऊ दे, दूधवाल्याची घाई खरी असते. तुझी नसते, आणि हे तू विसरतेस म्हणूनच तर हे पत्र लिहितेय.

राहू, पारगाव, केडगाव हा सगळा गुऱ्हाळांचा, म्हणजे उसाचा गूळ करतात त्या जागांचा, मुलूख. एका तरी गुऱ्हाळावर तासभर बस. चुलवणात चिपाडं सारणारा माणूस असतो, काहिलीत, म्हणजे भल्या मोठ्या कढईत, रस उकळत असतो, मळी काढत असतात, आणि गुळव्या नुसता बघत उभा असतो. वेळ आली की तो थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो आणि मान हलवतो. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. मान हलली की काहील उतरलीच पाहिजे, एवढासा उशीर झाला तरी ढेप बिघडते. हा माणूस तुला कुठल्याही कंट्रोल पॉइंटवर भेटणार नाही.

आता माझ्या मनातली सल. सिद्धटेकला पूर्वी दौंडच्या बाजूने शिरापूरवरून होडीने भीमा ओलांडत. सायकल होडीत घालून पलीकडे जायचं, असं मी लग्नाआधीपासून म्हणत होते. मग नोकरी लागली, मुलं झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि दर वर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणता म्हणता पूल झाला. पुलाबद्दल माझी तक्रार नाही, गावांची केवढी सोय झाली! पण मी त्या होडीत बसले नाही ते नाहीच. आता गुडघे कुरकुरतात आणि माझी मजल थेऊरपर्यंत. रजा साठवून ठेवायची नसते, हे मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. तू ऐक. आणि जलाशयात कुणी होडीने पलीकडे सोडतो म्हणालं तर लाइफ जॅकेट असेल तरच बस. तिथे माझा हट्ट पुढे करू नकोस.

उजनीपाशी माझा नियम अडचणीत येतो, हे मान्य. १९८० साली धरण पुरं झालं आणि काठची जुनी गावं पाण्याखाली गेली. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. तिथे नदी दिसतच नाही, नुसतं अफाट पाणी. त्या पट्ट्यात हायवे जवळ आहे आणि मोह होईल. तरी पाणी डोळ्यांआड होऊ देऊ नकोस. ते आत शिरलंय तिथे तूही आत शीर, फाट्याफाट्याने वाड्यावस्त्यांवर जा, परत ये. पाच किलोमीटरच्या जागी वीस होतील. होऊ देत! ज्या दिवशी वीस झाल्याचं तुला काही वाटणार नाही, त्या दिवशी मला फोन कर.

बाकी तुला ठाऊक आहेच, तरी लिहिते. दिवाळीनंतर लगेच निघ, बर्गे बसलेले असतील आणि ऊसतोड नुकती सुरू होत असेल. अंधार पडल्यावर चाक हलवायचं नाही; उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. मुक्काम चारच्या आत ठरव. सिद्धटेक, नरसिंगपूरला देवस्थान आहे, तिथे आधी विचार. बाकी गावांत पारावरच्या पुरुषांना विचारू नकोस, अंगणात काम करणाऱ्या बाईला विचार. ती आधी जेवायला घालेल आणि मग चौकशी करेल. पातळ टायर काढून ठेव, पस्तीस मिलिमीटरच्या खालचा नको. काठाला वेडी बाभूळ आहे आणि तिचा काटा काहीही मानत नाही, तेव्हा दोन जादा ट्यूब, पॅच, सोल्यूशन आणि पंप. स्पीडोमीटर घरी ठेव. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

सायकल विकायची का, ते नरसिंगपूरला पायऱ्या उतरून दोन्ही नद्यांचं पाणी पाहिल्यावर ठरव. तेव्हाही विकावीशी वाटली तर मला आधी सांग, माझ्या दुसऱ्या भाचीला तुझ्याच मापाची हवी आहे. आईशी मी बोलते. ती आधी नाही म्हणेल, मग कुठल्या दिवशी कुठे मुक्काम ते विचारेल. तिला खरं तेच सांग: थेऊर आणि सिद्धटेक नक्की, मधलं नदी ठरवेल.

तुझी,
मावशी