स्कॉटलंडच्या लुईस-हॅरिस बेटावर गाडी घेऊन जाताय?

अरे, दोघंच जाताय ना, मग हॉटेल नंतर बघ, आधी फेरीबोटीत गाडीची जागा बुक कर. मुख्य भूमीवरचं उल्लापूल ते लुईसवरचं स्टॉर्नोवे बंदर, साधारण अडीच ते पावणेतीन तास. हॅरिसला बऱ्याच ठिकाणी रस्ता एकच गाडी मावेल एवढा, समोरून कोणी आलं की डावीकडच्या पासिंग प्लेसमध्ये, म्हणजे बाजू द्यायला रस्ता रुंद केलेल्या जागेत, शिरायचं, ती उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं आणि वर हात दाखवायचा, तिथे सगळेच दाखवतात. मेंढ्या मात्र हलत नाहीत. शनिवारीच टाकी फुल कर, दूध-ब्रेड घेऊन ठेव, रविवारी बरंच काही बंद असतं. आम्ही एक अख्खा रविवार चिवड्यावर काढलाय. हॅरिसच्या लस्केंटायर बीचचं निळंशार पाणी बघून बायको म्हणाली, हे तर अंदमान! पाय बुडवला आणि किंचाळली. लुईसवर कॅलनिशला ५००० वर्षांपूर्वी वर्तुळात उभे केलेले दगड रात्रीच्या जेवणानंतर बघा, जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, फक्त वारा पडला की मिजेस, म्हणजे बारीक चावऱ्या माश्या, चावून खातात, जाळीची टोपी घ्याच.