शेल्टरमधल्या मांजरीच्या पिल्लाला एफआयपी (मांजरांना कोरोनाव्हायरसमुळे होणारा जीवघेणा आजार) झालाय, मान्यता नसलेलं जीएस-४४१५२४ हे विषाणूविरोधी औषध द्यावं का?

हो, द्या, पण व्हेटच्या देखरेखीखालीच, आणि उशीर करू नका कारण पोटात पाणी झालेलं पिल्लू उपचाराशिवाय बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसवरच्या नील्स पेडरसन यांच्या टीमने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३१ मांजरांना हे औषध दिलं होतं, त्यातली २५ दीर्घकाळ जगली, त्याआधी या आजारावर हातात खात्रीचं फारसं काही नव्हतं. तरी औषध बाजारात आलं नाही म्हणून लोक कितीतरी वर्षं चीनमधून चोरून मागवत राहिले, मला तरी त्यांना दोष देववत नाही. अमेरिकेत मान्यता अजून नाहीच, पण २०२४ पासून व्हेटच्या चिठ्ठीवर फार्मसीत बनवलेल्या औषधावर एफडीए (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सहसा कारवाई करत नाही, तेव्हा तिथे असाल तर आधी तोच रस्ता धरा. काळ्या बाजारातल्या बाटलीवर लिहिलेली ताकद आणि आतली ताकद जुळेलच असं नाही, डोस कमी पडला तर आजार उलटू शकतो. साधारण कोर्स ८४ दिवसांचा, दर आठवड्याला वजन करून डोस वाढवायचा, मधेमधे ब्लड टेस्ट. मेंदूत किंवा डोळ्यांत आजार गेला असेल तर डोस बराच जास्त लागतो, तो मात्र स्वतःच्या अंदाजाने ठरवू नका.