वॉर्डातला प्रश्न आणि एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध

पत्र : माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली असून गेले चौदा महिने धंतोलीतील एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तिने एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेची तयारी करावी, असे आमचे म्हणणे आहे. तिला मात्र एम.एस्सी. करून रुग्णांच्या अनुभवावर संशोधन करायचे आहे. संशोधन हे डॉक्टरांचे काम नाही का? रुग्णाला कसे वाटले हे विचारण्यात संशोधन ते कोणते? आणि त्यावर पोट भरेल का? – एक पालक, नंदनवन, नागपूर

सप्रेम नमस्कार.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांमागेही खरी काळजी तीच असावी. एम्समधील नर्सिंग ऑफिसरचे पद वेतनस्तर ७ मध्ये येते आणि त्याचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. खासगी नर्सिंग महाविद्यालयात एम.एस्सी. झालेल्या पाठ्यनिर्देशिकेला सुरुवातीला बहुधा इतके मिळत नाही. तेव्हा आपला आग्रह अवाजवी नाही. मात्र या परीक्षेची सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षे आहे आणि एम.एस्सी. दोन वर्षांची आहे, त्यामुळे एक निवडले की दुसरे कायमचे गेले, असे मुळीच नाही. मिहानमधील एम्स घरापासून बसच्या अंतरावर असल्यामुळे आपल्याला ही घाई वाटत असावी, हे मी समजू शकतो.

आता संशोधन कोणाचे, याविषयी. औषधाची मात्रा, शस्त्रक्रियेची पद्धत हे डॉक्टरांचे प्रश्न आहेत. पण राउंड संपल्यानंतरच्या उरलेल्या दिवसात आणि रात्री रुग्णाचे जे होते, ते परिचारिकेच्या नजरेसमोर होते, आणि त्याविषयीचे प्रश्नही तिलाच पडतात. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने सभासद म्हणून स्वीकारलेली पहिली स्त्री फ्लॉरेन्स नाइटिंगेल होती, आणि तो मान तिला क्रिमियातील सैनिकांच्या मृत्यूंच्या आकडेवारीने मिळवून दिला होता. आपल्याकडे तिचा दिवा तेवढा लक्षात राहिला, तक्ते विसरले गेले. अलीकडचे उदाहरण लिंडा एकेन यांचे आहे. या परिचारिका-संशोधिकेने सहकाऱ्यांसह अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये दाखवले की, परिचारिकेच्या वाट्याला येणारा प्रत्येक जादा रुग्ण आणि शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू येण्याच्या शक्यतेत सुमारे ७ टक्क्यांची वाढ यांचा संबंध आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी पदवीधर परिचारिकांचे प्रमाण जास्त असलेल्या रुग्णालयांत मृत्यू कमी आढळतात, हेही मांडले. शिक्षण, कामाचा भार आणि रुग्णाचे भवितव्य या तीन गोष्टी एका धाग्यात बांधलेल्या आहेत, हे आकड्यांनिशी दाखवून देण्याचे काम परिचारिकांनीच केले आहे.

‘कसे वाटले’ हे विचारण्यात संशोधन काय, हा आपला प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण नुसते ‘कसे वाटले’ विचारले तर त्यात खरोखरच संशोधन नाही. आपल्या भागात कोणत्याही खाटेपाशी जाऊन विचारा, ‘बरं आहे जी’ हेच उत्तर मिळेल; त्यात कृतज्ञता असते, भिडस्तपणा असतो, आणि उद्या पुन्हा याच सिस्टरच्या हातून सुई टोचून घ्यायची आहे ही जाणीवही असते. म्हणूनच समाधान आणि अनुभव यांत भेद करावा लागतो. अमेरिकेतील ज्या रुग्ण-सर्वेक्षणाचे निष्कर्ष २००८ पासून जाहीर केले जातात, त्यात परिचारिका चांगल्या होत्या का असे न विचारता, त्यांनी तुमचे म्हणणे किती वेळा लक्षपूर्वक ऐकले असे विचारतात, आणि उत्तरे ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत असतात. पहिल्या प्रकारच्या प्रश्नाला माणूस मत देतो, दुसऱ्याला घडलेली हकिकत सांगतो. प्रश्न कोणी, कोठे आणि कोणत्या पोशाखात विचारला, यानेही उत्तर बदलते. त्यामुळे गणवेशातील परिचारिकेने आपल्याच वॉर्डात घेतलेल्या मुलाखतीवर जाणकार परीक्षक पहिले बोट ठेवतो.

नागपुरात राहून यासाठी विषय शोधायला दूर जावे लागत नाही. सिकलसेलचेच पाहा. पूर्व विदर्भातील आदिवासी आणि इतर अनेक समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि त्याच्या वेदनेच्या झटक्याने बेजार झालेली तरुण मुले-मुली गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाहून मेडिकल-मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांत येतात. या झटक्यात लालपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्या अडवतात. बाहेरून सूज नाही, जखम नाही, पण आत हाडे फुटल्यासारखी ठणकतात. वारंवार येणारा असा रुग्ण मोबाइल पाहत पडलेला दिसला, की ‘हा वाढवून सांगतो’ अशी शंका कर्मचाऱ्यांच्या मनात येते. जगभरात या आजाराच्या रुग्णांनी नेमका हाच अनुभव पुन्हा पुन्हा सांगितलेला आहे. मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन परिचारिकेने १९६८ मध्येच म्हटले होते की, अनुभवणारा जिला वेदना म्हणतो तीच वेदना. हे वाक्य आपली कन्या परीक्षेत लिहून आलेली असेल. पण ज्याने वेदनेला कधी शून्य ते दहा असा आकडा दिलेला नाही, जो ‘लय दुखून राह्यलं’ एवढेच म्हणतो किंवा गोंडीत बोलतो, त्याच्या वेदनेची नोंद कागदावर काय होते, गोळी मागितल्यापासून मिळेपर्यंत किती वेळ जातो, आणि तो वेळ त्याला कसा वाटतो, हे शोधून काढणे हा प्रबंधाचा विषय आहे.

येथे मला एक नाराजी नोंदवू द्या. आपल्याकडील एम.एस्सी.चे पुष्कळ प्रबंध एकाच साच्यातून निघतात : साठ विद्यार्थिनी घ्यायच्या, पूर्वचाचणी घ्यायची, नियोजित अध्यापन करायचे, उत्तरचाचणी घ्यायची आणि ज्ञानात लक्षणीय वाढ झाली असे जाहीर करायचे. शिकवल्यावर गुण वाढले, यात नवल ते काय? त्या शिकवण्याने महिनाभरानंतर खाटेवरच्या माणसाला काही वेगळे अनुभवास आले का, हा प्रश्न तेथे क्वचितच विचारला जातो. कन्येला संशोधनाचे खरे आकर्षण असेल, तर हा साचा तिने नाकारावा, आणि तो नाकारू देणारा मार्गदर्शक तिने महाविद्यालयाच्या नावापेक्षा महत्त्वाचा मानावा.

प्रवेशासाठी पदवीला ५५ टक्के गुण, नर्सिंग परिषदेची नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. तिच्याकडे अनुभव आहेच. अर्ज करण्यापूर्वी नागपूर आणि वर्ध्याजवळील सेवाग्राम व सावंगी येथील नर्सिंग महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जाऊन गेल्या तीन-चार वर्षांचे प्रबंध तिने चाळावेत, म्हणजे कोणता मार्गदर्शक मुलाखतींवर आधारित गुणात्मक काम करवून घेतो, हे शीर्षकांवरूनच कळेल. सांख्यिकीची भीती असल्यास ती आताच घालवावी. रुग्णांवरील संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे ना, हे तपासणाऱ्या आचारसमितीच्या मंजुरीला वेळ लागतो, आणि संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असावे लागते. हे शेवटच्या सहा महिन्यांवर ढकलणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

लग्नाविषयी आपण पत्राच्या समासात जे लिहिले आहे, त्यावर मत देण्याचा मला अधिकार नाही.

तूर्त तिने नोकरी सोडू नये. एक वही करावी, आणि ड्युटी संपल्यावर, रुग्णाचे नाव किंवा खाटेचा क्रमांक न लिहिता, आज कोणी काय मागितले आणि ते मिळायला किती वेळ लागला, एवढेच दोन ओळींत नोंदवावे. तीन महिन्यांनी मार्गदर्शकाला भेटायला जाईल तेव्हा गुणपत्रिकेसोबत तिने हीच वही न्यावी.